गावातच भरवा पडताळणी मेळावा

संक्रांत उलटते, हरभऱ्याचे घाटे भरू लागतात, विहिरी तळ गाठू लागतात आणि मग गावोगाव बोअरच्या गाड्या फिरू लागतात. गाडीच्या आधी येतो पाणाड्या. कोणी तळहातावर आडवा नारळ ठेवून शिवार फिरतो, कोणी कडुनिंबाची बेचक्याची काडी दोन्ही हातांत धरून चालतो. नारळ उभा राहिला किंवा काडी खाली वळली की तिथे चुन्याची फकी पडते. त्या एका खुणेवर कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न, सोसायटीचे कर्ज आणि कधी कधी घरातल्या बाईच्या अंगावरचे दागिनेही दोन-तीनशे फूट खोल जातात. पाणी लागले तर नाव पाणाड्याचे होते. नाही लागले तर दोष शेतकऱ्याच्या नशिबाचा.

पाणाड्या हे एक उदाहरण झाले. एका फवारणीत दुप्पट फुटवा देणारी बाटली, कमी भावात दारावर येणारी खताची गोणी, शंभर टक्के उगवणीची हमी असलेले बियाणे, हे सगळे दावेच आहेत. दावा खरा असेल तर त्याचा लाभ घ्यावा, खोटा असेल तर पैसा वाचवावा, एवढा आपला साधा हेतू आहे. त्यासाठी दावा कसा तपासायचा याची रीत गावाला माहीत हवी.

ही रीत व्याख्यानाने येत नाही. बाहेरून वक्ता येतो, तासभर विज्ञानाचे महत्त्व सांगतो, आभार प्रदर्शन होते, लोक टाळ्या वाजवतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा नारळवाल्याला बोलावतात. यात लोकांचे फारसे चुकत नाही. वक्त्याचा शब्द आणि पाणाड्याचा शब्द असे दोन शब्द समोर आहेत आणि पाणाड्या ओळखीचा आहे. म्हणून या लेखात व्याख्यानाऐवजी वेगळा कार्यक्रम सुचविला आहे. सर्वांना मोफत, व्यासपीठ नसलेला आणि आलेल्या प्रत्येकाने स्वतः काहीतरी करून, मोजून, वहीत लिहून जायचे असा हा मेळावा आहे.

आपल्या महाराष्ट्रात ही कल्पना अगदीच नवी नाही. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ या नावाने शेतकऱ्यांचे जाळे उभे केले. त्यात द्राक्षबागायतदार एकमेकांच्या बागा पाहून, नोंदी ताडून शिकत गेले. त्यांचेच धाकटे बंधू डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या होईपर्यंत ते गावोगाव हेच सांगत फिरले की विचारा, तपासा आणि मगच माना. एका भावाने शेतीत प्रयोग रुजविला, दुसऱ्याने समाजात प्रश्न विचारणे रुजविले. आपल्या मेळाव्यात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात.

तयारी

मेळावा माघ-फाल्गुनात, बोअरचा हंगाम सुरू होण्यापूर्वी घ्यावा. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन सोयीचा पडतो. सर सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली याच दिवशी आपला शोध जाहीर केला होता आणि १९८७ पासून हा दिवस देशभर पाळला जातो. त्या दिवशी शाळेतील शिक्षक व मुलेही सहज हाताशी मिळतात. आठवडी बाजाराचा दिवस मात्र टाळावा. जागा शाळेचे पटांगण आणि जवळ मोटार बसविलेली विहीर असेल अशी पाहावी. ही विहीर का हवी ते पुढे येईल.

प्रवेश मोफत ठेवावा हे सांगायला नको. पण मोफत म्हणजे कोणाच्या तरी पैशाने, असा अर्थ होऊ देऊ नये. खते-औषधांचे विक्रेते आनंदाने मंडप घालून देतील, टोप्या आणि पिशव्याही वाटतील. ते घेऊ नये. ज्याच्या मालाची तपासणी करायची त्याच्याच मंडपात बसून ती होत नाही. खर्च तसा असतोच किती? सतरंज्या शाळेच्या, दूध घराघरातून अर्धा-अर्धा लिटर, पाइप कोणाच्या तरी ठिबकच्या किंवा तुषारच्या संचातले. वह्या, पेन्सिली आणि शे-दीडशे नाणी एवढे जमवले की झाले.

बायकांना केवळ हळदीकुंकवापुरते बोलावू नये. बियाणे निवडणे, उगवण पाहणे, दुधाची पारख करणे ही कामे घरोघरी त्याच करतात. त्यामुळे मोजणीच्या आणि नोंदीच्या वह्या बचत गटाच्या भगिनींकडे द्याव्यात. असा आमचा आग्रहच आहे.

आणखी एक पथ्य आहे. देव, व्रत, वारी, नवस हे विषय या मेळाव्यात काढू नयेत. कोणाच्या श्रद्धेची परीक्षा घेण्यासाठी आपण जमलेलो नाही. शेत, पैसा आणि जीव यांच्याबद्दल जो कोणी ठाम विधान करतो, त्याचे विधान तेवढे तपासायचे. हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगितले की निम्मे वाद आपोआप टळतात.

आधी दोरा आणि नाणे

सुरुवात दोन खेळांनी करावी. पहिला खेळ दोऱ्याचा. प्रत्येकाला वीतभर दोरा आणि त्याला बांधलेला लोखंडी नट द्यावा. जमिनीवर एक सरळ रेघ ओढावी, कोपर कशालाही न टेकवता दोरा रेघेवर धरावा आणि मनात एवढेच आणावे की नट रेघेच्या दिशेने हलतो आहे. हात मुद्दाम हलवायचा नाही. थोड्याच वेळात पुष्कळांचा नट खरोखर झुलू लागतो. मग विचार बदलून ‘रेघेला आडवा’ असे मनात आणावे, झोका बदलतो. आता डोळे बांधून, कोणी न सांगता रेघ कोणत्या दिशेला आहे ते नटाला विचारावे. आता नटाला रेघेची दिशा सापडत नाही. फ्रान्समधील शेव्हरुल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने असाच प्रयोग स्वतःवर करून पाहिला होता आणि १८३३ साली तो प्रसिद्ध केला. डोळे झाकताच त्याचाही लंबक थांबला. अर्थ असा की मनातल्या अपेक्षेने स्नायू अगदी सूक्ष्म हलतात आणि ते ज्याचे त्यालाही कळत नाही.

हा खेळ अगोदर घेण्याचे कारण महत्त्वाचे आहे. पाणाड्या लबाड असतो असे समजून आपण चाचणीला बसलो तर मेळावा भांडणात संपेल. बहुतेक पाणाडे प्रामाणिक असतात. नारळ आपण हलवत नाही, तो आपोआप उभा राहतो, असे त्यांना मनापासून वाटते. दोरा धरून पाहिलेल्या माणसाला ते लगेच पटते.

दुसरा खेळ नाण्याचा. सगळ्यांनी उभे राहून एकाच वेळी नाणे उडवायचे. काटा पडला तो खाली बसेल, छापा पडला तो उभा राहील. असे पाच वेळा करावे. एकशे साठ माणसे असतील तर पाचव्या फेरीनंतर साधारण पाच जण उभे राहतात. त्यांच्या हातून ओळीने पाच छापे पडले! त्यांना विचारावे, ‘तुमच्या हाताला काही गुण आहे का हो?’ सगळे हसतील. मग दुसरा प्रश्न विचारावा: पंचक्रोशीत तीस-चाळीस पाणाडे असतील आणि एखाद्याची ओळीने पाच बोअर लागली, तर आपण त्याला किती लांबून बोलावून आणतो? खाली बसलेल्यांची नावे कोणाच्याही लक्षात राहत नाहीत, आणि खरी मेख तिथेच आहे.

पाणाड्याची चाचणी

आता मुख्य कामाकडे वळू. गावातल्या किंवा शेजारगावच्या पाणाड्याला पंधरा दिवस आधी, घरी जाऊन, मानाने निमंत्रण द्यावे. ‘अण्णा, तुमचा गुण सगळ्या गावासमोर आकड्यांनिशी दाखवू या, अटी तुम्हीच ठरवा,’ असे म्हणावे आणि खरोखर त्यांना ठरवू द्याव्यात. काडी हवी की नारळ, सकाळ हवी की संध्याकाळ, पायात चप्पल असावी की नसावी, सगळे त्यांच्या मनासारखे करावे. आपल्याकडे फक्त तीन गोष्टी ठेवाव्यात: पाणी कधी आहे ते चिठ्ठी-नाण्याने ठरेल, ते त्यांना किंवा त्यांच्या जवळच्या कोणालाही माहीत नसेल आणि किती बरोबर आले म्हणजे गुण सिद्ध झाला ते आधी कागदावर लिहून दोन्ही बाजूंची सही होईल.

मांडणी अशी करावी. पाणाड्याला आधी पटांगण फिरू द्यावे आणि जिथे ‘खाली पाणी नाही’ असे ते सांगतील तोच पट्टा चाचणीला घ्यावा. त्या पट्ट्यात वीस फूट लांब आणि दीड फूट खोल चर काढून अडीच इंची पीव्हीसी पाइप पुरावा, माती सारखी करावी आणि पाइप जिथून जातो त्यावर फकीची रेघ मारावी. पाइप कुठे आहे ते लपवायचे नाही. पाण्याचा प्रवाह चालू आहे की बंद एवढेच ओळखायचे आहे. विहिरीवरील मोटारीच्या पाइपला टी जोडून दोन फाटे करावेत. एक फाटा पुरलेल्या पाइपकडे, दुसरा सरळ परत जाणारा. दोन्हींवर कॉक असावा. दोन्ही फाट्यांचे पाणी शेवटी त्याच विहिरीत पडावे. मोटार पूर्ण वेळ चालूच ठेवायची. यामुळे मोटारीचा आवाज, पाणी पडल्याचा आवाज यांत काहीच फरक राहत नाही आणि कानाने ओळखण्याची वाट बंद होते. कॉक, टी आणि विहिरीचे तोंड हे सगळे ताडपत्रीच्या आड गेले पाहिजे.

कॉकवर दोन माणसे बसवावीत: एक शिक्षक आणि एक शाळकरी मुलगी. मुलीने प्रत्येक फेरीला नाणे उडवावे. छापा पडल्यास प्रवाह पुरलेल्या पाइपातून सोडायचा, काटा पडल्यास दुसरीकडून. शिक्षकांनी कॉक फिरवून फेरीचा क्रमांक आणि ‘चालू’ किंवा ‘बंद’ असे वहीत लिहावे, मग थाळीवर एकच टोला द्यावा. टोला दर वेळी तेवढ्याच वेळाने आणि तसाच पडावा. ताडपत्रीच्या अलीकडे पाणाड्या रेघेवरून चालतील आणि त्यांचे उत्तर दुसरी व्यक्ती दुसऱ्या वहीत लिहील. या दुसऱ्या व्यक्तीला पलीकडचे काहीच माहीत नसावे. माहीत असलेला माणूस चेहऱ्यावरून नकळत सांगून जातो. ताडपत्रीमागच्या मंडळींनी चाचणी संपेपर्यंत बाहेर यायचे नाही, शेजारच्याशी बोलायचे नाही.

सुरुवातीला चार फेऱ्या उघड्या घ्याव्यात. प्रवाह चालू आहे की बंद ते पाणाड्याला सांगावे आणि ‘चालू असताना नारळ उठतो, बंद असताना उठत नाही ना?’ असे विचारून खात्री करून घ्यावी. ही पायरी गाळू नये. त्यांनी सर्वांसमोर ‘होय, या जागी माझे बरोबर चालते’ असे म्हटले की नंतर पाइप प्लास्टिकचा होता, खोली कमी होती, ग्रहमान बरे नव्हते, अशा सबबींना जागा राहत नाही. उघड्या फेरीत त्यांना काही खटकले तर तिथेच मांडणी बदलावी.

मग वीस फेऱ्या झाकून घ्याव्यात. नुसत्या अंदाजाने वीसपैकी दहाच्या आसपास बरोबर येतात. आम्ही सोळा ही मर्यादा सुचवतो, कारण केवळ नशिबाने वीसपैकी सोळा किंवा त्याहून अधिक बरोबर येण्याची शक्यता हजारात सुमारे सहा एवढीच आहे. या वेळी पाहणाऱ्यांनी रिकामे बसायचे नाही. प्रत्येकाला वीस रकान्यांचा कागद द्यावा आणि प्रत्येक फेरीत ‘चालू’ की ‘बंद’ ते आपापल्या मनाने लिहायला सांगावे. शेवटी दोन्ही वह्या फळ्यावर शेजारी-शेजारी उतरवून सगळ्यांनी आपापले गुण मोजावेत. शंभर माणसांत पाच-सहा जणांना चौदा किंवा अधिक गुण मिळालेले दिसतील. त्यात एखादी नारळ कधी हातात न धरलेली आजीबाईही निघेल. पाणाड्याचे बारा आले आणि आजीचे पंधरा, तर कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही.

अशा चाचण्या इतरत्र झाल्या आहेत. जर्मनीतील कासेल येथे १९९० साली सुमारे तीस पाणाड्यांची तीन दिवस चाचणी घेण्यात आली. पन्नास सेंटिमीटर खोल पुरलेल्या प्लास्टिकच्या पाइपांतून पाणी वाहते की नाही ते त्यांना सांगायचे होते. चाचणी रास्त आहे आणि आपण शंभर टक्के यशस्वी होऊ असे सर्वांनी आधी लिहून दिले होते. निकाल नाणेफेकीपेक्षा सरस आला नाही. तरीही आमचे म्हणणे असे की कासेलचे सांगून थांबू नये. आपल्या अण्णांची चाचणी आपल्याच विहिरीवर झाली पाहिजे.

समजा अण्णांना सोळा किंवा अधिक आले तर? तर त्यांचे अभिनंदन करावे, जेवू घालावे आणि दुसऱ्या दिवशी आणखी वीस फेऱ्या घ्याव्यात. पुन्हा सोळाच्या वर गेले तर कृषी विद्यापीठाला अवश्य कळवावे. हातातली कामे बाजूला ठेवून पाहायला येण्यासारखी ती गोष्ट आहे. आणि कमी आले तर टाळ्या, शिट्ट्या, टोमणे अजिबात नकोत. ते आपल्याच गावचे आहेत, चारचौघांत चाचणीला उभे राहण्याचे धैर्य त्यांनी दाखवले आहे. चहा त्यांच्याच हातून पहिल्यांदा वाटला जावा.

बोअरची वही

चाचणी एका दिवसाची असते. बोअरची वही वर्षानुवर्षे चालते आणि खरे सांगायचे तर आमचा जास्त भर या वहीवर आहे. मेळाव्याला येताना प्रत्येकाने आपल्या बोअरची माहिती आणावी: गट नंबर, वर्ष, जागा कोणी दाखवली, किती फुटांवर काय लागले, पाणी किती इंच, आणि मे महिन्यात ते टिकले का. कोरडी गेलेली बोअर लिहायला लोक संकोचतात. ती आवर्जून लिहून घ्यावी, कारण कोरड्या बोअरच्या हिशेबाशिवाय या वहीला काडीची किंमत नाही.

मग दोन ढीग करावेत: पाणाड्याने दाखवलेल्या आणि आपल्या सोयीने, म्हणजे बांधाला, विजेच्या खांबाजवळ वगैरे घेतलेल्या. एखाद्या शिवारात दहापैकी सात बोअर कुठेही घेतल्या तरी लागत असतील, तर तिथे पाणाड्याच्या दहापैकी सात लागल्या यात त्याचा गुण कोणता? दुसऱ्या ढिगापेक्षा त्याचा ढीग ठळकपणे सरस आहे का, हे पाहायचे.

आपल्या राज्याचा बहुतांश भाग काळ्या पाषाणाचा आहे. या खडकात पाणी नदीसारखे ‘झरा’ धरून वाहत नाही. ते झिजलेल्या मुरमात, फटींत, भेगांत आणि मांजऱ्या खडकाच्या थरांत साठते. म्हणून शंभर फुटांवर एका बोअरला तीन इंच पाणी आणि शेजारची कोरडी, असे होऊ शकते. जागा निवडताना आसपासच्या विहिरींत मे महिन्यात किती पाणी असते, त्यांच्या कडेला कोणते थर दिसतात, जमिनीचा उतार कुठे येऊन मिळतो, हे पाहावे आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाचा सल्ला घ्यावा. त्यांचाही अंदाज चुकू शकतो. त्यांच्या शिफारशीचाही तिसरा ढीग वहीत ठेवावा. त्यांना सूट देण्याचे कारण नाही.

जुन्या जाणत्यांचे निरीक्षण मात्र नारळाबरोबर फेकून देऊ नये. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत पाणी शोधण्यावर एक स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. त्यात झाडे, वारुळे, मातीचा रंग, दगडाची जात अशा खुणा दिल्या आहेत. उंबराजवळ पाणी वर असते का, हा प्रश्न तपासता येतो. उंबर जवळ असलेल्या आणि नसलेल्या विहिरींची पातळी त्याच वहीत लिहा म्हणजे झाले.

चहा, खत आणि बियाणे

दुपारच्या चहातही काम साधता येते. ‘देशी गाईच्या दुधाचा चहा मी जिभेवर ओळखतो’ असे म्हणणारा गावात एक तरी असतोच. आठ कप करावेत, चार देशी गाईच्या दुधाचे, चार संकरित गाईच्या. कपांखाली खूण करून ते कोणीतरी दुसऱ्याने मिसळावेत, चाखणाऱ्याचे डोळे बांधावेत आणि देशीचे चार कप निवडायला सांगावेत. अंदाजाने चारही बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक आहे. हा खेळ शेतीशास्त्राच्या दृष्टीने मोठ्या घराण्यातला आहे. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर काम करीत असताना, कपात आधी दूध घातले की आधी चहा हे चवीवरून ओळखण्याचा दावा त्यांच्या एका सहकारी बाईंनी केला होता. त्या आठ कपांवरून फिशर यांनी १९३५ साली प्रयोगाच्या आखणीचे शास्त्र मांडले. आज विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर वाणांच्या चाचण्या ज्या रीतीने होतात ती तीच.

खताची पारख सर्वांना करता येते. डीएपीचे काही दाणे तळहातावर घेऊन तंबाखूसारखा चुना लावून मळावेत. नाकाला झोंबणारा अमोनियाचा उग्र वास यायला हवा. युरिया पाण्यात पूर्ण विरघळतो आणि द्रावणाला हात लावल्यास गार लागते; तापलेल्या तव्यावर टाकला तर वितळून मागे काही उरत नाही. झिंक सल्फेटमध्ये मॅग्नेशियम सल्फेटची भेसळ पुष्कळदा होते. डीएपीच्या द्रावणात झिंक सल्फेटचे द्रावण ओतल्यास दाट गुठळ्यांचा साका तयार होतो. नुसत्या मॅग्नेशियम सल्फेटने तसा होत नाही. शेजारी खात्रीच्या खताचा नमुना ठेवून दोन्ही एकाच वेळी करून पाहावेत. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की या चाचण्यांनी संशय येतो, गुन्हा सिद्ध होत नाही. संशय आला तर पावती आणि गोणी जपून ठेवून कृषी खात्याच्या गुणनियंत्रण निरीक्षकाला कळवावे. खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार नमुना प्रयोगशाळेत जातो. दुकानदारावर चालून जाऊ नये.

सोयाबीनची उगवण तर घरच्या बियाण्यावर प्रत्येकाने पाहावीच. पोत्यातून सरसकट मूठ-मूठ बी काढून, निवड न करता शंभर दाणे मोजावेत आणि ओल्या गोणपाटावर ओळीने ठेवून गुंडाळावे. गोणपाट आठवडाभर सावलीत ओले ठेवून सुदृढ मोड मोजावेत. सत्तर किंवा अधिक असतील तर एकरी तीस किलो बियाणे पुरते, साठ असतील तर पस्तीस घ्यावे लागेल. चांगले दाणे निवडून शंभर भरवण्याचा मोह होतो. तो आवरला नाही तर फसवणूक स्वतःचीच.

एक गोष्ट तपासू नये

साप चावल्यावर मंत्राने उतरतो का, याची चाचणी घेण्याचा उत्साह कोणीतरी दाखवील. ती घेऊ नये. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत. माणूस दगावतो तो मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांमुळे. विषारी सापसुद्धा प्रत्येक चाव्यात पुरेसे विष सोडतोच असे नाही. म्हणजे मांत्रिकाकडे नेलेले कित्येक जण मंत्राविनाही वाचलेच असते आणि ते वाचले याचे श्रेय मंत्राला मिळते. हा उभ्या राहिलेल्या पाच जणांचाच खेळ झाला, फक्त इथे खाली बसलेला परत उठत नाही. सर्पविषावरची लस सरकारी दवाखान्यात मिळते आणि जाणारा प्रत्येक तास महत्त्वाचा असतो. २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. मेळाव्यात जवळच्या कोणत्या दवाखान्यात लस आहे आणि रात्री गाडी कोणाची मिळेल, एवढे फळ्यावर लिहून घ्यावे. घरी गेल्यावर ते दाराच्या मागे चिकटवावे.

सुगीपर्यंत चालणारा प्रयोग

टॉनिकचा निकाल एका दिवसात लागत नाही, म्हणून मेळाव्यात त्याची फक्त सुरुवात करावी. चार-पाच शेतकऱ्यांनी तयार व्हावे. प्रत्येकाने एकाच पिकाच्या, एकाच दिवशी पेरलेल्या रानात आठ सारखे पट्टे आखावेत. दोन-दोन पट्ट्यांची जोडी धरून कोणत्या पट्ट्याला ‘अ’ आणि कोणत्याला ‘ब’ ते नाण्याने ठरवावे. चांगल्या मातीचा पट्टा औषधाला आणि कडेचा पट्टा पाण्याला, असे होता कामा नये. शाळेतील शिक्षकांनी एका डब्यात टॉनिकचे द्रावण, दुसऱ्यात साधे पाणी भरून त्यांवर अ आणि ब अशी अक्षरे घालावीत आणि कोणत्या अक्षरात काय आहे ते चिठ्ठीवर लिहून पाकीट लाखेने बंद करावे. फवारणाऱ्याला वासावरून कदाचित कळेल. पण काढणी करून वजन घेणाऱ्याला कळता कामा नये. प्रत्येक पट्ट्याच्या कडेच्या ओळी सोडून मधल्या ओळींचे वजन घ्यावे.

वजने फळ्यावर लिहिली की आधी ‘अ’चे चार पट्टे आपापसात किती फरकाचे आहेत ते पाहावे. एकाच औषधाच्या दोन पट्ट्यांत जेवढा फरक आहे, तेवढाच ‘अ’ आणि ‘ब’ मध्ये असेल, तर त्या फरकाला टॉनिकचा म्हणू नये. चारही शेतकऱ्यांकडे एकच अक्षर ठळकपणे वर येत असेल तर पुढे बाटलीची किंमत आणि वाढलेल्या धान्याची किंमत यांचा हिशेब मांडावा.

पाकीट तोपर्यंत ग्रामपंचायतीच्या कपाटात, बोअरच्या वहीशेजारी ठेवावे. शेवटच्या पट्ट्याचे वजन लिहून त्याखाली सह्या झाल्याशिवाय ते फोडू नये, मग विक्रेता स्वतः येऊन कितीही घाई करो.